फाईलचं बारसं

गेल्या दिवाळीआधीची गोष्ट. नाशिकच्या आमच्या शाळेत चौथीच्या मुलांनी हस्तलिखित काढायचं ठरवलं. नावालाच हस्तलिखित बरं का, सगळं संगणकावर टाईप केलेलं! दोघी मुलींनी गोदाघाटावर निबंध लिहिले आणि दोघींनी आपापल्या फाईलला एकच नाव दिलं, ‘गोदावरी’. मी दोन्ही फाईली उचलून एका फोल्डरमध्ये हलवल्या. ‘या नावाची फाईल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का?’ संगणकानं बिचाऱ्यानं विचारलं होतं. मी घाईत ‘होय’ दाबलं. एकीचा निबंध गेला! ती रडली नाही, काही बोललीही नाही. चूक माझीच होती.

मग मनात आलं, जिथे हजारो माणसं एकाच कामात हात घालतात, तिथे काय करत असतील?

लिनक्सचंच बघा. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं ते १९९१ साली सुरू केलं. आज जगभरातली माणसं त्यात भर घालतात. या कामासाठी टोरवाल्ड्स यांनीच २००५ मध्ये ‘गिट’ तयार केलं. गिट प्रत्येक बदलाला आपणहून नाव देतं, तेही चाळीस अंक-अक्षरांचं! दोन बदलांची नावं सारखी निघण्याची भीती जवळजवळ नाहीच. पण एवढं लांबलचक नाव लक्षात कोण ठेवणार? म्हणून बदल पाठवणाऱ्यानं एका ओळीचा मथळा द्यायचा. आधी भागाचं नाव, मग दोन टिंबं, मग काय बदललं ते. आणि गंमत म्हणजे ‘चूक दुरुस्त केली’ असं लिहायचं नाही, ‘चूक दुरुस्त कर’ असं लिहायचं. व्याकरणातला आज्ञार्थ! तुम्हाला वाटतं तो फक्त परीक्षेपुरता असतो.

आता आपल्या मराठीकडे या. संगणकाच्या अनेक कार्यक्रमांत मराठी भाषांतराच्या फाईलचं नाव असतं दोन इंग्रजी अक्षरांचं, एम आणि आर. पण दोन्ही लहान लिपीतली हं! हीच अक्षरं मोठ्या लिपीत लिहिली की तो होतो मॉरिटानिया, आफ्रिकेतला एक देश. भाषेची खूण लहान अक्षरांत, देशाची मोठ्या, असा संकेतच आहे. आपल्या देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसतात, म्हणून आपण इथे हमखास घसरतो. कोकणीच्या वाट्याला मात्र तीन अक्षरं आली आहेत, के-ओ-के.

आमच्या वर्गानंही आता नियम केलाय : आधी इयत्ता, मग हजेरी क्रमांक, मग विषय. त्या मुलीनं निबंध परत लिहून आणला. फाईलचं नाव होतं ‘चौथी-१७-गोदावरी-पुन्हा’.

नियमात ‘पुन्हा’ नव्हतं. पण ते काढ असं मी तिला सांगितलं नाही.