दहांचा हिशेब

वाइल्ड बिल हिकॉक म्हणजे अमेरिकेच्या सरहद्दीवरचा शौर्याचा पुतळा, असे गोष्टी आणि सिनेमे सांगतात. मला हे साफ नामंजूर आहे. आणि दोष हिकॉकपेक्षा आम्हां लेखणी चालविणाऱ्यांचा अधिक आहे.

यादवी युद्धात तो उत्तरेच्या फौजेचा वाटाड्या व हेर होता, हे खरेच. पण १८६१ साली रॉक क्रीकला माणसे मेली तीन. १८६७ च्या फेब्रुवारीत 'हार्पर्स' मासिकाने ती दहा केली! लोक भुलले, नाव गाजले.

१८७१ साली कॅन्ससमधल्या ॲबिलीन गावाने त्याला मार्शल नेमले. ५ ऑक्टोबरच्या रात्री फिल को नावाच्या इसमाशी त्याची चकमक उडाली. एवढ्यात कुणीसे धावत आले. हिकॉकने वळून गोळी झाडली. पडला तो त्याच्याच मदतीला धावलेला माइक विल्यम्स! डिसेंबरात गावाने मार्शलला निरोप दिला. १८७६ साली डेडवूडला पत्ते खेळताना पाठीमागून गोळी लागून तोही संपला.

मी शाळामास्तर. मुले विचारतात, "गुरुजी, त्याने किती मारले?" विल्यम्सविषयी कुणी विचारीत नाही. विचारील कसे? आम्ही त्याची गोष्ट रंगवलीच कुठे? तिनाचे दहा करणाऱ्या लेखणीने आधी त्या एकाचा हिशेब द्यावा.