तारीख वक्री होते तेव्हा

एरवी दर आठवड्याला आपली गाठ पडते ती अर्ध्या पानापुरती. दिवाळीला मात्र संपादक या सदराला पाय पसरायला जागा देतात, आणि मग वर्षभर मनात साठलेले एखादे लांबलचक प्रकरण वाचकांपुढे मांडावेसे वाटते. यंदाचे प्रकरण आमच्या शेजारच्या अण्णांचे आहे.

अण्णांचा पंचांगावर काडीचा विश्वास नाही. मुलाचे लग्नसुद्धा त्यांनी पत्रिका न पाहता केले. पण दर महिन्याच्या मध्यावर हाच गृहस्थ चष्मा पुसून फोन उघडतो आणि अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे एक पत्रक वाचू लागतो. त्याला व्हिसा बुलेटिन म्हणतात. त्यात आडवे उभे रकाने असतात आणि रकान्यांत नुसत्या तारखा. अण्णा भारताच्या रकान्यात दुसऱ्या ओळीवर बोट ठेवतात. तारीख पुढे सरकलेली असली तर त्या दिवशी आम्हांला त्यांच्याकडे चहा मिळतो. जागच्या जागी असली तर ते काही न बोलता फिरायला निघतात. आणि कधी कधी ती चक्क मागे जाते. ग्रह वक्री होतात हे आपण ऐकलेले असते. सरकारी तारीखही वक्री होते, हे मला अण्णांनी शिकवले.

त्यांचा मुलगा २०११ साली बायको आणि पाच वर्षांची मुलगी घेऊन न्यू जर्सीला गेला, तो एच-वन-बी नावाच्या परवान्यावर. हा परवाना कुशल कामगारांचा. वर्षाला ६५,००० नवे, शिवाय तिथेच एम. एस. वगैरे झालेल्यांसाठी २०,००० जादा. अर्ज त्याहून पुष्कळ येतात, म्हणून सोडत काढतात. ज्याची चिठ्ठी निघाली त्याला तीन वर्षे, आणि मग आणखी तीन. सहा वर्षांनी घरी या, किंवा मालकाने कायम वास्तव्याचा, म्हणजे त्या सुप्रसिद्ध ग्रीन कार्डाचा, अर्ज पुढे रेटलेला असेल तर मंजुरी येईपर्यंत मुदत वाढवीत राहा.

खरी मेख इथे आहे. सोडतीत तुमचा देश कोणी विचारीत नाही. त्यामुळे अलीकडे मंजूर होणाऱ्या एच-वन-बी अर्जांपैकी दहांतले सात आपल्याच लोकांचे असतात. ग्रीन कार्डाच्या दाराशी मात्र पहिला प्रश्न हाच की, जन्म कुठला? नोकरीच्या आधारावर द्यायची कार्डे वर्षाला १,४०,०००. बायकामुलांची कार्डेही त्यांतलीच. आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांतली सात टक्क्यांहून अधिक द्यायची नाहीत. म्हणजे चार लाखही वस्ती नसलेल्या आइसलंडला जेवढे ताट, तेवढेच आपल्या एकशे चाळीस कोटींना. आइसलंडच्या ताटात काही उरले तर ते आपल्याकडे सरकते, नाही असे नाही. पण येणारा लोंढा पाहता त्याने काय होणार! पाणी यावे सार्वजनिक नळाने आणि सांडावे झारीच्या तोटीने, असा हा हिशेब.

गंमत अशी की, हा नियम कोणी आकसाने केलेला नाही. १९४६च्या कायद्याप्रमाणे हिंदुस्थानातून वर्षाला जेमतेम शंभर माणसांना तिथे कायमचे राहायला जाता येई. युरोपातल्या काही देशांना हजारोंनी, आपल्याला शंभर. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी बसून ही जुनी पंक्तिप्रपंचाची पद्धत मोडणाऱ्या कायद्यावर सही केली. त्या सहीमुळेच आपले डॉक्टर आणि इंजिनिअर तिकडे जाऊ शकले. सर्व देशांना सारखे ताट, ही त्या वेळी मोठी न्यायाची गोष्ट होती. पुढे १९९०च्या कायद्याने सात टक्क्यांचे माप ठरवले आणि त्याच कायद्याने एच-वन-बीही आणला. एकाच हाताने दार उघडले आणि आतल्या खोलीला कडी घातली.

जन्मस्थानाच्या या नियमातून एक विनोदही निघतो. नवराबायकोपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर दोघांनाही त्या देशाच्या रांगेत उभे राहता येते. परवा एका वधुपित्याने मला अभिमानाने सांगितले, "मुलीचा जन्म मस्कतचा आहे!" मला आधी त्याचे महत्त्वच कळेना. मग कळले की, मंगळापेक्षा मस्कत भारी आहे.

अण्णांच्या सुनेचा जन्म साताऱ्याचा. तेव्हा तो मार्ग बंद.

मुलाच्या मालकाने कामगार खात्याकडे अर्ज केला तो २० जानेवारी २०१५ रोजी. ही त्याची रांगेतली तारीख. बुलेटिनमधली तारीख हिच्यापुढे गेली की त्याचा नंबर लागला. नोकरी बदलली तर कागदपत्रांची वारी पुन्हा पहिल्यापासून, मात्र तारीख जुनीच राहते. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची. सून इथली एम. एस्सी.; तिथे पाच वर्षे तिला नोकरीची मुभाच नव्हती. अशा बायकांना काम करू देणारा नियम २०१५ साली झाला, आणि नवऱ्याच्या अर्जाचा पुढला टप्पा मंजूर झाल्यावर तिला तो लागू पडला.

२०२२ साली मात्र नशीब उघडणार असे दिसले. कोविडच्या काळात वकिलाती बंद राहिल्याने नातेवाइकांसाठी राखलेले पुष्कळ परवाने पडून राहिले होते. कायद्याप्रमाणे ते नोकरदारांच्या वाट्याला आले आणि त्या एका वर्षी १,४०,०००च्या जागी २,८०,०००हून अधिक कार्डे झाली. तारीख भराभर पळू लागली. सप्टेंबर २०२२च्या बुलेटिनात ती १ डिसेंबर २०१४ला येऊन टेकली. उरले फक्त सात आठवडे! काकूंनी मोदकांचे सारण करायला घेतले. अमेरिकन सरकारच्या हिशेबाचे वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते, आपल्या व्यापाऱ्यांची वहीपूजनाची वेळ त्याच सुमाराची. नव्या वहीत तारीख निघाली १ एप्रिल २०१२. डिसेंबरात ती आणखी मागे गेली, ८ ऑक्टोबर २०११. सात आठवड्यांचे अंतर तीन वर्षांहून मोठे झाले. त्या महिन्यात अण्णा फार फिरले.

पुढे तीन वर्षे सरकत सरकत ऑक्टोबर २०२५च्या बुलेटिनात ती १ एप्रिल २०१३पर्यंत आली. त्याच्या आदल्याच महिन्यात जे झाले ते मी डोळ्यांनी पाहिले. अण्णांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया सोमवारी, २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी ठरली होती. मुलगा त्यासाठी रजा काढून आला होता. शनिवारी पहाटे त्याचा फोन वाजू लागला. नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर, म्हणजे अठ्ठ्याऐंशी लाख रुपयांच्या घरातली रक्कम, भरावी लागेल अशा हुकुमावर अध्यक्ष ट्रम्प यांनी सही केली होती, आणि तो रविवारपासून लागू होता. जुन्या परवानेवाल्यांचे काय, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. त्याच्या कंपनीने कळवले, असाल तिथून मुदतीच्या आत परत या. तासाभरात टॅक्सी दाराशी. अण्णांनी "जा, जा, इथे आम्ही आहोत" म्हणून त्याला जवळजवळ ढकललेच. तो आकाशात असतानाच तिकडे खुलासा झाला की, आधीच परवाना असलेल्यांना हा हुकूम लागू नाही.

सोमवारी इस्पितळात संमतीच्या कागदावर सही मी केली. 'नाते' या रकान्यात 'शेजारी' लिहिताना माझा हात अडखळला.

तिथल्या एखाद्या कारकुनाला वाटते की, हे लोक स्वस्तात येऊन माझी खुर्ची घेतात. त्याचेही काही अगदीच खोटे नाही. मालक मंडळी अशा संधीचा फायदा घेत नाहीत असे कोण म्हणेल? दारे किती उघडायची हे ज्याच्या त्याच्या घरचे काम. पण ज्याने पंधरा वर्षे कर भरला, घर घेतले, त्याला अजून 'तात्पुरता' म्हणायचे, हे मला काही केल्या पटत नाही.

आणि नात? ती २००६ची, पुण्याची. आता कॉलेजात आहे. आईवडिलांच्या रांगेत मुलाला जागा असते ती एकवीस वर्षांपर्यंत. तिला ती २०२७ साली पूर्ण होतात. सरकारने अर्ज तपासण्यात घालवलेले दिवस वयातून वजा करण्याची सवलत २००२च्या कायद्याने दिली आहे. रांगेत गेलेली वर्षे मात्र वजा होत नाहीत. तोवर तारीख पोहोचली नाही तर तिला स्वतःचा निराळा परवाना काढावा लागेल, नाही तर परत यावे लागेल. धाकटा नातू तिथे जन्मला, म्हणून तो जन्माने अमेरिकन. तो एकवीस वर्षांचा झाला की उलट त्याला आईवडिलांसाठी अर्ज करता येईल. बहिणीसाठीही करता येईल, पण भावंडांची रांग हिच्याहून लांब. एका घरात एकविसावा वाढदिवस एकाला दार उघडणारा आणि दुसरीला दार दाखवणारा.

तिला मराठी समजते, बोलताना अडते. मागे फोनवर तिने विचारले, "आजोबा, मी तिकडे आले तर मला जॉब मिळेल?"

"मिळेल की," अण्णा म्हणाले.

"आणि मला तिकडचे लोक फॉरेनर म्हणतील?"

अण्णांनी फोन काकूंच्या हातात दिला.

गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे रंगारी आले होते. दिवाणखाना तसाच ठेवून अण्णांनी मागची खोली तेवढी रंगवून घेतली. ती खोली वर्षानुवर्षे जुन्या ट्रंका आणि रद्दीने भरलेली होती. मी विचारले तर म्हणाले, "दिवाळी आहे ना." काकू चकल्या तळीत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.