वारा फुकटचा, डोंगर कोणाचा?

नाशिकहून सिन्नर, ठाणगावमार्गे पट्टा किल्ल्याकडे निघालेल्या दुर्गप्रेमीला गडाआधी दिसतात त्या पवनचक्क्या. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवरील हा गड म्हणजेच विश्रामगड. १६७९ साली जालन्याच्या मोहिमेवरून परतताना, शत्रू पाठीवर असताना, छत्रपती शिवरायांनी येथे विसावा घेतला. आज त्या परिसरातील डोंगरमाथ्यांना मात्र विसावा नाही.

पवनऊर्जेला विरोध करण्याचे कारण नाही. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राचा धूर आणि राख नाशिककरांनी अनेक दशके पाहिली आहे. वाऱ्याला धूर नाही, राख नाही, परदेशातून कोळसा आणावा लागत नाही. ऊर्जेत स्वावलंबी होऊ पाहणाऱ्या राष्ट्राने वारा वापरलाच पाहिजे. प्रश्न एवढाच, की चक्की कोठे उभी राहावी आणि ती उभारताना कोणाला विचारावे?

हा प्रश्न महाराष्ट्रात फारसा विचारलाच गेला नाही. १९९०च्या दशकात पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळत असे. त्यामुळे ज्यांचा विजेशी सुतराम संबंध नव्हता, अशा धनिकांनीही करबचतीसाठी यात पैसा गुंतविला. यंत्र उभे राहिले की कर वाचला. ते किती फिरते, डोंगराचे काय होते, याची चिंता कोणी करावी?

याचे विदारक चित्र भीमाशंकरला दिसले. ज्योतिर्लिंगाचे हे अरण्य शेकरूचे, म्हणजे आपल्या राज्यप्राण्याचे घर. त्याला लागून खेड तालुक्यात पवनऊर्जा प्रकल्पाला वनजमीन देण्यात आली. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञगटाने २०११च्या अहवालात या प्रकल्पाची नोंद घेतली. अवजड पाती वर नेण्यासाठी राखीव वनातून रुंद रस्ते खोदले गेले, किमान २८ हजार झाडे पडली, दरडी कोसळून राडारोडा शेतात आणि जलाशयांत गेला, असे हा अहवाल सांगतो. पिढ्यान्‌पिढ्या त्या रानात वावरणाऱ्यांना कंपनीच्या पाट्या आणि चौक्या आडव्या आल्या. ज्यांचे रान, त्यांनाच मज्जाव!

वन्यजीवांची हानी ही केवळ भावनेची बाब नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी अभ्यास केला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. चक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण चक्क्यांच्या भागाच्या जवळपास चौपट आढळले. ससाणे आणि घारी दूर गेल्या, तसे गळ्याशी रंगीत पंखा फुलविणारे सरडे वाढले. भक्षकाचे भय उरले नाही, म्हणून त्यांचे वागणेही पालटले. निसर्गाच्या साखळीतील वरची एक कडी निखळली की खालच्या साऱ्या कड्या हलतात, हे येथे सिद्ध झाले.

आणि माणसे? पवनचक्क्या पाऊस पळवितात, अशी समजूत काही वर्षांपूर्वीच्या दुष्काळात अनेक गावांत पसरली होती. तिला शास्त्रीय आधार नाही. पण तेवढ्यावर बोट ठेवून ग्रामस्थांची प्रत्येक तक्रार अडाणीपणात जमा करणे हा शुद्ध कांगावा होय. रात्रभर चालणारी घरघर, अंगणात फिरणारी पात्यांची सावली, दलालांनी कवडीमोलाने लाटलेल्या जमिनी, अवजड वाहनांनी उखडलेले रस्ते, हे भ्रम नव्हेत. नाशिकला लागून असलेल्या धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या वनजमिनी चक्क्यांसाठी जाताना पाहून वनवासी बांधव रस्त्यावर उतरले, तो काय अडाणीपणा होता?

कायद्याची स्थिती तर अजब आहे. २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या परिशिष्टात पवनऊर्जा प्रकल्पांचा समावेशच नाही. त्यामुळे त्यांना मूल्यांकन नाही आणि जनसुनावणीही नाही. निवासापासून ५०० मीटरच्या आत चक्की नको, असे केंद्रीय मंत्रालयाची २०१६ची मार्गदर्शक तत्त्वे म्हणतात. पण मार्गदर्शक तत्त्व म्हणजे कायद्याचा बडगा नव्हे. ‘हरित’ हा शिक्का बसला की सारे प्रश्न माफ!

ही माफी आता पुरे झाली. मोठ्या पवनप्रकल्पांना पर्यावरण मूल्यांकन आणि जनसुनावणी सक्तीची हवी. वनजमिनीवर ग्रामसभेच्या खऱ्याखुऱ्या संमतीविना एक खड्डाही खणला जाऊ नये. घाटमाथ्याची अरण्ये, गडांचा परिसर आणि शिकारी पक्ष्यांची पठारे वगळून उजाड माळ निवडावेत. आणि ज्या गावाचा वारा, त्या गावाला उत्पन्नात कायमचा वाटा मिळावा.

वासराचा वाटा राखून गाईचे दूध काढावे, ही आपली रीत. निसर्गाचे दोहन करावे, शोषण नव्हे, हे तत्त्व ती रीतच शिकविते. कोळशाच्या बाबतीत ते विसरल्याची किंमत देश मोजतो आहे. वाऱ्याच्या बाबतीत तीच चूक करायची, तर पात्यांना हिरवा रंग देऊन काय साधणार?