पटांगणातील माती राहू द्यावी

माजी विद्यार्थ्यांनी संस्थेला काही देण्याचा संकल्प केला, की हल्ली पहिली सूचना ठरलेली असते : पटांगणात पेव्हर ब्लॉक बसवू. चिखल जाईल, धूळ जाईल, शाळा नीटनेटकी दिसेल. सूचना करणाऱ्यांच्या दानभावनेविषयी पूर्ण आदर राखून सांगतो, की माझा तिला विरोध आहे. आणि त्याचे कारण पटांगणाबाहेरच्या शहरात आहे.

कॅम्प नं. ३ मधील जुन्या पिढीला बराकी आठवत असतील. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले आणि १९४९ मध्ये या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकी गैरसोयीच्याच होत्या, त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु दोन बराकींमध्ये मोकळी जागा असे आणि तिच्यातून वारा खेळे. पुढे त्याच जागांवर मजले चढले. न्यायालयाने पाडण्याचा आदेश दिलेल्या ८५५ इमारती आणि अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी झालेला २००६ चा स्वतंत्र कायदा सर्वांना ठाऊक आहे. त्या वादात दंडाची आणि बेघर होऊ पाहणाऱ्या कुटुंबांची चर्चा झाली, ती आवश्यकच होती. दोन इमारतींमधल्या हवेची बाजू मात्र फारशी कानावर आली नाही.

काँक्रीट दिवसभर ऊन शोषते आणि सूर्यास्तानंतर ते हळूहळू परत देते. समोरासमोर उंच भिंती असल्या, की ही उष्णता आकाशाकडे सहज निघून न जाता भिंतीभिंतींतच घुटमळते. शहराची रात्र भोवतालच्या खेड्यांपेक्षा उष्ण असते, हे लंडनच्या ल्यूक हॉवर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच तापमानाच्या नोंदी ठेवून दाखवले होते. आपण तर समुद्रापासून दूर. दुपारचा समुद्रवारा येथे पोहोचेपर्यंत क्षीण झालेला असतो आणि उरलासुरला भिंती अडवतात. त्या कोंडलेल्या हवेत पाडकामाची धूळ, सिमेंट आणि वाहनांचा धूर साचतो. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातील, हवेची मानके न पाळू शकलेल्या शहरांच्या यादीत उल्हासनगर आणि बदलापूर ही दोन्ही नावे आहेत. ती मानकेही काही फार कडक नव्हेत : १० मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांची वार्षिक मर्यादा आपल्याकडे घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटना १५ सांगते.

पुनर्विकासाला माझा विरोध नाही. स्लॅब कोसळून माणसे दगावलेल्या शहरात तो असूही नये. मात्र नव्या इमारतीभोवतीची मोकळी जागा कागदावर न राहता जमिनीवर राहिली पाहिजे. पाडकामाला आच्छादन आणि पाण्याची फवारणी हवी. मुंबईत ऑक्टोबर २०२३ पासून बांधकामांभोवती पत्र्याचे उंच कुंपण आणि फवारणी बंधनकारक झाली. आपल्या गल्लीत ती मागणी पालकांनीच केली पाहिजे.

पटांगण मात्र आपल्या हातात आहे. माती पावसाचे पाणी मुरवते आणि ओल सुटताना भोवतालची हवा थोडी थंड करते. पेव्हर तापतात. मातीची धूळ उडते, हा आक्षेप खरा आहे. पण त्यावर सकाळचा पाण्याचा सडा आणि कडेने हिरवळ हा उपाय पुरेसा आहे. सुट्टीची घंटा झाली की इतर शाळांची मुले घरी जातात. आपली मुले याच आवारात झोपतात.

पेव्हरसाठी निधी देऊ इच्छिणाऱ्यांनी तो वसतिगृहाच्या पश्चिम भिंतीलगत कडुनिंब आणि करंज लावण्यासाठी व तीन वर्षे जगवण्यासाठी द्यावा. खड्डे मे महिन्यातच खणून ठेवावे लागतील.