सौरपंपाचा जोड कुणाच्या भरवशावर?



बोंडे भरण्याच्या वेळी कपाशीला एक-दोन पाळ्या पाणी मिळाले तर कोरडवाहूचे गणित कसे बदलते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. रात्रीच्या थ्रीफेजची वाट पाहत विहिरीवर जागण्यापेक्षा दिवसा उन्हावर चालणारा पंप केव्हाही बरा. म्हणून 2019 पासून पीएम-कुसुममध्ये आणि सप्टेंबर 2024 पासून 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत आपल्यापैकी पुष्कळांनी अर्ज भरले, दहा टक्के हिस्सा भरला. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांचा हिस्सा पाच टक्के. अडीच एकरापर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत पाच, त्यावर साडेसात, हा हिशेब आता पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांनाही पाठ आहे. कंपनी कोणती, पंप कोणता, पॅनेल किती वॅटचे, यावर तासन् तास बोलणे होते. पॅनेलच्या मागे लोंबणाऱ्या अंगठ्याएवढ्या काळ्या जोडाविषयी मात्र कुणी अवाक्षर काढीत नाही. संच पेटायची वेळ आलीच, तर सुरुवात बहुतेक तिथूनच होते.

हा जोड म्हणजे कनेक्टर. बाजारात त्याला सरसकट 'एमसी फोर' म्हणतात. हे नाव स्वित्झर्लंडच्या मल्टी-कॉन्टॅक्ट कंपनीचे. आज ती स्टॉयब्ली या नावाने ओळखली जाते. आतली पिन चार मिलिमीटरची, म्हणून फोर. 2002 च्या सुमारास हा जोड आला, जगभर चालला आणि मग त्याच्यासारखे दिसणारे शेकडो जोड निघाले. त्यांच्यावर 'एमसी फोरला चालणारे' असे लिहिलेले असते. एकाची नर बाजू दुसऱ्याच्या मादी बाजूत जाते, खट्ट असा आवाजही येतो. पण आतल्या पिनेचा धातू, तिच्यावरचा मुलामा, स्प्रिंगची पकड आणि रबरी वायसरची जाडी प्रत्येक कारखान्याची वेगळी. दुसऱ्याच्या पायतणात पाय शिरतो, पण दोन कोस चालल्यावर कळते. म्हणूनच या कामाच्या आंतरराष्ट्रीय मानकाने सांगून ठेवले आहे की एका जोडाच्या दोन्ही बाजू एकाच कारखान्याच्या आणि एकाच जातीच्या असाव्यात.

आता आपल्या शेतातले मोजू. बारा पॅनेल एका ओळीत जोडले की तेरा जोड होतात. मधले अकरा पॅनेल-पॅनेलमधले. सगळे पॅनेल एकाच मेकचे असतील तर त्यांच्या दोन्ही बाजू कारखान्यातच यंत्रावर बसवलेल्या आणि सारख्या. राहिले टोकाचे दोन. तिथे एक बाजू पॅनेल कंपनीची आणि दुसरी केबलची, जी बांधावर उभ्या असलेल्या पोराने पक्कडीने दाबून बसवलेली असते. त्या पोराला आम्ही दोष देत नाही. दिवसाला अमुक इतके संच उभे करायचे, असा त्याला हुकूम असतो आणि हातात हत्यार दिलेले नसते. पण धोका असतो तो बहुधा या दोन जोडांतच. नंतर एखादे पॅनेल फुटले आणि दुसऱ्या मेकचे बसवले, की आणखी दोन जोड त्याच पंगतीला येऊन बसतात.

जोड वाईट झाला की होते काय? चांगल्या जोडाचा रोध ओहमच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. त्यातून दहा अँपिअर गेले तरी उष्णता नगण्य. पिन सैल बसली, आत ओल शिरली, तांबे काळे पडले आणि रोध एक ओहमपर्यंत चढला, तर त्याच दहा अँपिअरला शंभर वॅट उष्णता तयार होते. शंभर वॅटचा जुना बल्ब मुठीत धरून पाहा म्हणजे कळेल. आणि गंमत अशी की पंप चालूच राहतो. साडेचारशे व्होल्टांतून दहा व्होल्ट कमी झाले, धारेत फरक दिसत नाही. फ्यूजही उडत नाही. महावितरणच्या तारेवर शॉर्ट झाला की करंट कितीतरी पट उसळतो आणि फ्यूज जातो. पॅनेलचा करंट शॉर्ट झाला तरी नेहमीपेक्षा थोडाच वाढतो. ज्या फ्यूजच्या भरवशावर आपण आजवर मोटारी सांभाळल्या, तो इथे राखणीला नाही.

त्यात हा करंट डीसी आहे. घरातला एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून बटण बंद करताना उडालेली ठिणगी विझते. डीसी शून्यावर येत नाही. चालू पंपाचा कनेक्टर ओढला तर ठिणगीची ज्योत होते आणि ती तिथेच धगधगत राहते. म्हणून आधी कंट्रोलर बंद, मग डीसीचा खटका बंद, आणि कनेक्टरला हात नंतर, तोही जाणत्याचाच. ऊन आहे तोवर पॅनेलची बाजू जिवंतच असते. खटका पाडला म्हणून ती मेली असे समजू नये.

पुण्याच्या कोथरूडमध्ये हेच काळे जोड इमारतींच्या गच्च्यांवर दिसतात. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. तिथल्या एका सोसायटीची कागदपत्रे आम्ही मुद्दाम पाहिली. कनेक्टरचा मेक कोणता, केबल कोणत्या मानकाची, क्रिंपिंगचे हत्यार कोणते, हे सगळे कामाच्या करारात लिहून घेतलेले. इंजिनियर सभासदांना तिथे तोटा नाही. 1962 मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्सचा डिझेल इंजिनांचा कारखाना कोथरूडलाच उभा राहिला. त्यांनी पैसा भरला आणि प्रश्न विचारले. पैसा आपणही भरला आहे. गच्चीवरच्या जोडाखाली सिमेंटची लादी असते, आपल्या जोडाखाली वाळलेले गवत, पऱ्हाटीचा ढीग, नाहीतर सावली आहे म्हणून रचलेला कडबा. जास्त काळजी कुणी घ्यायला हवी? कडबा तेवढा आजच हलवा.

केबलचेही पाहून घ्या. सौर केबल लवचिक असते. आत कल्हई केलेल्या तांब्याच्या बारीक तारा, वर उन्हापावसाला टिकणारे आवरण. भारतीय मानक आयएस 17293 हा आकडा तिच्यावर छापलेला असावा. घरातली साधी पीव्हीसी वायर दोन-चार उन्हाळ्यांत तडकते. बारीक तारांमुळे जोड करताना घोटाळा होतो. पिनेत मावत नाहीत म्हणून चार तारा कापल्या, तर तेवढे तांबे गेले आणि उरलेल्यावर भार आला. पक्कडीने चेपले तर पिन चपटी होते, पकड येत नाही. केबलच्या मापाचे क्रिंपिंगचे हत्यारच हवे, आणि दाबल्यावर तार हाताने ओढून पाहायची. सुटली तर पुन्हा नवी पिन. मागचे नट पान्याने आवळायचे, नाहीतर रबर बसत नाही आणि पहिल्या पावसात पाणी आत. कंट्रोलरच्या स्क्रूखाली मोकळ्या तारा पिळून घालू नयेत, कथिल लावूनही घालू नयेत; कथिल दाबाखाली सरकते आणि स्क्रू सैल होतो. तिथे लग हवा. तार तोडून पिळा मारायचा आणि वर काळी टेप गुंडाळायची, ही आपली जुनी विद्या इथे विसरायची.

जोड जमिनीवर लोळू देऊ नका. पॅनेलच्या सांगाड्याला वर बांधून घ्या, म्हणजे पाणी आणि उंदीर दोन्ही दूर राहतील. महिन्यातून एकदा, दिवस मावळल्यावर, बॅटरीच्या उजेडात नुसते पाहायचे. कुठे तपकिरी डाग, वितळलेली कड, वाकलेले प्लॅस्टिक दिसले तर हात न लावता फोटो काढा आणि तक्रार करा. योजनेत पाच वर्षे दुरुस्तीची हमी आणि विमा आहे. स्वतः कापाकापी केलीत तर पुरवठादाराला बोट दाखवायला आयती जागा मिळते.

आमचे मागणे मोठे नाही. संच उभारताना पॅनेलवरच्या आणि केबलवरच्या कनेक्टरचा मेक व नमुना पंप सुरू केल्याच्या अहवालात लिहिला जावा, दोन्ही सारखे असावेत आणि त्याची प्रत शेतकऱ्याला मिळावी. संपूर्ण संचाच्या किमतीत या जोडाचा खर्च खिजगणतीतही नाही. वाचवायचा तर तो इथे कशासाठी वाचवायचा? आणि ही नोंद होईपर्यंत 'पंप समाधानकारक चालू आहे' या ओळीखाली आपण सही का करायची? हमीची पाच वर्षे संपल्यावर गावातल्याच कुणाला तरी हे काम करावे लागणार आहे. त्यासाठी दर गावात एक क्रिंपिंगचे हत्यार आणि ते वापरता येणारी आयटीआयची दोन पोरे असावीत, हा विषय आम्ही जिल्हा बैठकीत मांडणार आहोत.

बैठकीला येताना ज्यांच्याकडे सौरपंप आहे त्यांनी टोकाच्या दोन जोडांचे फोटो आणावेत. हात न लावता, अक्षरे वाचता येतील असे जवळून काढलेले.