भिंतीची ओल आणि पोरांचा खोकला

पावसाळ्यात आमच्या डिंगोऱ्यात कुणाच्याही घरी जा, दोन गोष्टी हमखास भेटतात. भिंतीवर काळे ठिपके आणि अंथरुणात खोकणारं एखादं पोर. दोन्हींवर उत्तर एकच, "पावसाळी आहे, जाईल आपोआप." मंडळी, माझं स्पष्ट मत आहे की हे आपोआप जात नाही, घालवावं लागतं.

माळशेज घाट आम्हाला जवळ. आषाढ लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. जुन्या घरांना मातीच्या जाड भिंती होत्या, वर कौलं होती, फटींतून वारा खेळायचा. अर्थात जुनं ते सगळंच सोनं नव्हे. चुलीच्या धुराने बायकांच्या छातीचं काय झालं तेही मी पाहिलंय. पण आता स्लॅब आला, सिमेंट आलं आणि डासांच्या भीतीने खिडक्या कायमच्या बंद झाल्या. आत भात शिजतोय, आंघोळीची वाफ आहे, दोरीवर ओले कपडे आहेत. ही वाफ जाणार कुठे? गार भिंतीवर बसते आणि कपाटामागे बुरशी धरते. वरून स्लॅब झिरपत असेल तर विचारायलाच नको.

२०२१ साली म्युकरमायकोसिसच्या काळात एक निरोप मोबाइलवर फिरत होता, की कांद्यावरचा काळा थर म्हणजेच 'ती' काळी बुरशी. आमचा तालुका कांद्याचा! बायका घाबरून गेल्या. खरं तर कांद्यावरची ती भुकटी अ‍ॅस्परजिलस नायजर नावाच्या वेगळ्याच बुरशीची. म्युकरने गाठलं ते मुख्यतः मधुमेह आटोक्यात नसलेल्यांना आणि स्टिरॉइड घेतलेल्यांना. अफवा विरली, पण तिच्याबरोबर भिंतीवरची बुरशीही लोकांनी 'काही नाही हो' म्हणून सोडून दिली. हे दुसरं टोक. घरातली ओल आणि बुरशी यांचा दमा आणि श्वसनाच्या तक्रारींशी संबंध आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच सांगितलंय.

इंग्लंडमध्ये रॉचडेल गावी अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. घरातल्या बुरशीमुळे श्वसनाचा आजार झाला होता, असा निर्णय २०२२ मध्ये चौकशीत दिला गेला. आईबापांनी तक्रार केली तेव्हा सांगण्यात आलं होतं, वरून रंग मारा! पुढे त्याच्या नावाने कायदा झाला. तिथल्या सामाजिक घरांच्या मालकांना आता ठरलेल्या मुदतीत ओल दुरुस्त करावी लागते. आपल्याकडे घरमालक आपणच. मुदत कोण घालणार?

आमच्या घरात हाच वाद चालू आहे. नातू उत्तरेच्या खोलीत झोपतो, रात्रभर खोकतो. आजोळी गेला की चार दिवसांत मोकळा होतो. डॉक्टरांनी श्वासाचा पंप दिलाय. चिरंजीवांचं म्हणणं, दिवाळीला चांगला रंग देऊ. रंगाला पैसे निघतात, गच्चीच्या उताराला आणि पाइपच्या सांध्याला निघत नाहीत, कारण ते पाहुण्यांना दिसत नाहीत. आणि बुरशी पुसायचं काम येतं सुनेच्या वाट्याला. तिलाही धूळ सोसत नाही.

म्हणून मी सांगून टाकलंय : आधी गळती, मग रंग. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे. उघडीप मिळाली की समोरासमोरच्या खिडक्या उघड्या. बुरशी कोरड्या झाडूने झाडायची नाही, कण हवेत उडतात. तोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्याने ओली करून पुसायची आणि भिंत वाळू द्यायची. ज्याला दमा आहे त्याने हे काम करायचं नाही. ब्लीचिंगच्या पाण्यात संडासचं अ‍ॅसिड तर कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो.

यंदाच्या दिवाळीत आमच्या भिंती जरा कळकट दिसतील. दिसू देत. नातेवाईक मंडळींनी फराळाला जरूर यावं, रंगाची चौकशी मात्र पुढच्या वर्षी करावी!