माळवदावरची माती

त्याग हा शब्द आपण इतका उंच नेऊन ठेवला आहे कीं, सामान्य गृहस्थाचा हात तेथवर पोंचतच नाहीं. दधीचीनें अस्थि दिल्या, हरिश्चंद्रानें राज्य दिलें. आमच्यासारख्यांनीं काय द्यावें, असें म्हणून आपण मोकळे होतों. हा विनय नसून पळवाट आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि त्याला साक्ष म्हणून आम्ही पुराणांतली नव्हे, सास्तूरची हकीकत पुढें ठेवतों.

धाराशिव जिल्ह्यांतील हें गांव ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाची रात्र सरतां सरतां, किल्लारीच्या भूकंपांत उद्ध्वस्त झालें. लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत मिळून सुमारें ८,००० माणसें मेलीं. ५२ गांवें नव्यानें वसवावीं लागलीं. एवढी प्राणहानि केवळ धरणीनें केली काय? ती मुख्यतः घरांनीं केली. दगडमातीच्या दोन-तीन फूट जाड भिंती. आंतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा. दोहोंना सांधणारे लांब दगड नाहींत. आणि डोक्यावर माळवद, म्हणजे लाकडी तुळ्यांवर पसरलेलें मातीचें सपाट छप्पर. गळूं नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षें नवा थर चढत गेलेला. भिंती फुटल्या आणि तो सारा भार निजलेल्या माणसांवर आला. कुडाच्या हलक्या झोपडींत राहणारे पुष्कळ वांचले. तेव्हां हा दोष निव्वळ दारिद्र्याच्या माथीं मारतां येत नाहीं.

सास्तूरसारखीं गांवें नव्यानें उभारलीं. पण आसपासच्या गांवांत ज्या घरांना नुसते तडे गेले होते, त्यांच्या धन्यांना काय सांगावें लागलें? माळवदावरची माती कमी करा. भिंतीचे दोन्ही थर सांधून घ्या. दारांखिडक्यांच्या वरून साऱ्या भिंतींना कवळणारा एक पट्टा फिरवा. 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साह्यानें गांवोगांवच्या स्त्रियांनीं हें घरोघर समजावलें. यांत गमवायचें काय होतें? वैशाखांतला थोडा गारवा, थोडा पैसा, आणि वाडवडिलांच्या भरभक्कम घराचा अभिमान. मिळवायचे होते घरच्यांचे आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचे प्राण. आम्ही याला त्याग म्हणतों.

कोणी म्हणतील, त्या वेळीं साऱ्या महाराष्ट्रानें कपडे, धान्य, पैसा धाडला, तो त्याग नव्हे काय? त्या मदतीचें मोल आम्हांस मान्य आहे. अनाथ झालेल्या मुलांना पुण्यास नेऊन वर्षानुवर्षें शिकविणाऱ्या भारतीय जैन संघटनेपुढें तर आम्ही नतमस्तक आहों. परंतु कपाटांत अडगळ झालेलें वस्त्र देणाऱ्यानें काय सोडलें? शिवाय दान संकटामागून येतें. आम्ही ज्या त्यागाबद्दल बोलत आहों तो संकटाच्या आधीं करावा लागतो, आणि त्याची वर्तमानपत्रांत यादी छापून येत नाहीं. तो दुर्मिळ असण्याचें कारण हेंच असावें!

हें खेड्यांतलें अज्ञान, असें समजून शहरवासी सुशिक्षितांनीं हसूं नये. २६ जानेवारी १९०१ नव्हे, २००१ सालीं, म्हणजे अगदीं अलीकडे, कच्छच्या भूकंपानें अहमदाबादेंतील अनेक बहुमजली इमारती पाडल्या. त्यांतल्या कित्येकांचे तळमजले वाहनांसाठीं मोकळे सोडून नुसत्या खांबांवर उभे होते. आजहि दिवाणखाना ऐसपैस दिसावा म्हणून भिंत पाडणारे आणि कपाट बसावें म्हणून खांब तासणारे पदवीधर गृहस्थ आहेत. त्या खांबावर वरच्या मजल्यावरचें पाळण्यांतलें मूल निजलेलें असतें, हा विचार त्यांना शिवत नाहीं.

म्हणून आमचें मागणें अगदीं लहान आहे. घर बांधतांना वा बदलतांना स्थापत्यविशारदास प्रथम हें विचारावें कीं, आमच्या या हौसेनें कोणाच्या डोक्यावर काय येईल? उत्तर प्रतिकूल आलें तर हौस सोडावी आणि खोली दोन हात लहान ठेवावी. दधीची होण्याची गरज नाहीं. आपल्या माळवदावरची माती उतरविली तरी पुरे.